पद्मिनीची निगा

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षिकेकडून काय अपेक्षित असेल याची आम्हांला कल्पना होती. पत्र्याच्या पहिल्या दोन खोल्या, कंदिलाच्या उजेडातील अभ्यासिका, दूरच्या विहिरीवरून वाहून आणलेले पाणी. परंतु त्या साऱ्याविषयी आमच्याहून अधिक अधिकाराने लिहिणारी मंडळी या अंकात आहेत. शिवाय माजी विद्यार्थी भेटला की ख्यालीखुशाली झाल्यावर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "बाई, पद्मिनी आहे का हो अजून?" अलीकडच्या तुकड्या 'मॅडम' म्हणतात, प्रश्न मात्र तोच. पंचवीस वर्षे आम्ही या प्रश्नाला "आहे, आहे" एवढेच उत्तर देत आलो. या वेळी ते उत्तर लांबवावे लागणार आहे, कारण मधल्या काळात "आहे" म्हणणे तितके सोपे राहिले नव्हते.

ती उभी आहे ती वसतिगृहामागील कडुनिंबाखालच्या शेडमध्येच. १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. मूळचा रंग फिकट आकाशी. नंतर दोनदा रंग दिला तोही त्याच छटेचा. गिअरची दांडी स्टिअरिंगला लागून, पुढचे आसन बाकासारखे सलग, मागे दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे वर आलेले पत्रे. तुमच्यातील निम्म्याहून अधिक जणांनी तिला कधी ना कधी धक्का मारलेला आहे. ती मूळची कुठली, हे मात्र आम्ही वर्गात कधी सांगितले नाही. पाठ्यपुस्तकात तो भाग नव्हता. आज सांगतो.

इटलीच्या उत्तरेस ट्यूरिन हे कारखान्यांचे शहर आहे. तेथे १८९९ साली फियाट कंपनी स्थापन झाली. दान्ते जाकोसा हे तिचे अभियंते. त्यांच्या हातून १९३७ साली एका लहान मोटारीचे इंजिन तयार झाले. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आत दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर; चारही मिळून १०८९ घन सेंटिमीटर. गणिताच्या विद्यार्थ्यांनी ताळा करून पाहावा. खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. हे हलके, काटक इंजिन शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांच्या नजरेत भरले. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्यूरिनमधीलच चिसितालिया नावाच्या लहानशा कंपनीने याच इंजिनावर मेहनत घेऊन ठेंगण्या, देखण्या स्पोर्ट्स कार तयार केल्या. १९४७ साली मिल्ले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीत ताझिओ नुव्होलारी हा नामांकित चालक तसल्याच एका उघड्या गाडीतून उतरला. वय ५४, प्रकृती ढासळलेली. कितीतरी मोठ्या गाड्यांना मागे टाकून तो आघाडीवर होता. अखेरच्या टप्प्यात पावसाने गाठले आणि तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या आल्फा रोमिओचे इंजिन त्याच्या इंजिनाच्या अडीच पटींहून मोठे होते. चिसितालियाची एक बंद टपाची गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली आहे.

त्याच वंशाचे, त्याच मापाचे इंजिन आपल्या पद्मिनीच्या बॉनेटखाली आहे. ते येथवर आले ते कुर्ल्यामार्गे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या गोल पाठीमुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ पासून नवी पराची घडण आली, पुढे 'प्रेसिडेंट' हे नाव आले, आणि १९७४ साली 'पद्मिनी'. चितोडची पद्मिनी इतिहासातली किती आणि काव्यातली किती, हा वाद विद्वानांनी घालावा. कुर्ल्याची पद्मिनी पत्र्याची आणि खरी होती. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. १९३७ साली ट्यूरिनमध्ये ठरलेले माप साठ वर्षांहून अधिक काळ टिकले. त्या मापाने इटलीत शर्यती धावल्या. आपल्याकडे डॉक्टर, वकील आणि टॅक्सीचे उतारू वाहून नेले.

आता आबांकडे वळतो. जुन्या तुकड्यांना आबा आठवत असतील: खाकी सदरा, कानावर विडी, हातात पिवळे फडके.

आबा म्हणजे आमचे वडील. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून ते औरंगाबादेस आले. आधी खडी फोडली. मग ट्रकवर क्लीनर झाले आणि ट्रकखाली आडवे पडून मोटारीचे काम शिकले. १९७९ साली शहरातील एका डॉक्टरांना, नंबर लावून दीर्घ काळ वाट पाहिल्यावर, नवी पद्मिनी मिळाली आणि आबा तिच्यावर ड्रायव्हर लागले. डॉक्टर भले गृहस्थ होते. कागदोपत्री गाडी त्यांची होती. परंतु पहाटे रेडिएटरमधील पाणी पाहणे, डिपस्टिक पुसून तेल पाहणे, चाकांतील हवा, बॅटरीतील पाणी, महिन्याची ग्रीस ही सारी आबांची कामे होती. डॉक्टरांना गाडीचा नंबर पाठ नव्हता. आबांना ती कोणत्या गिअरमध्ये कोणत्या चढावर कुरकुरते, हे झोपेतही सांगता आले असते. या तेरा वर्षांत आबा मागच्या आसनावर एकदाही बसले नाहीत. कुणी मनाई केली नव्हती. प्रसंगच आला नाही.

१९९२ साली डॉक्टरांनी मारुती घेतली आणि पद्मिनीला गिऱ्हाईक पाहावयास सांगितले. आबांनी दोन दिवस गिऱ्हाईक पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "साहेब, मीच घेऊ का?" २८,००० रुपये ठरले. ८,००० रोख, त्यात आईच्या पाटल्या गेल्या. उरलेले दरमहा ५०० रुपये पगारातून कापून. भाऊबंद हसले. "घर पत्र्याचं आन् दारात मोटार!" हसण्यासारखेच होते. आम्ही तेव्हा एम.ए.च्या वर्गात होतो आणि आबांची बाजू इतिहासाने भक्कम करावी, अशी आमची उमेद होती. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १९६४ साली १२,००० रुपयांची फियाट घेतली, त्यांतले ५,००० बँकेचे कर्ज होते, आणि ताश्कंदला त्यांचे निधन झाल्यावर ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले, ही हकीकत आम्ही त्यांना वाचून दाखविली. आबांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "म्हंजे पंतप्रधानाला बी हप्ता चुकला नाही." चाळीस हप्ते त्यांनी एकही न चुकविता भरले.

गाडी शिकवावी, असा हट्ट आम्ही धरला तेव्हा आबांनी दोन महिने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आधी बॉनेट. प्लग काढून काजळी खरवडणे, कार्बुरेटरचे जेट फुंकणे, टॅपेटचा आवाज ओळखणे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटचे अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते; ते मोजण्यासाठी त्यांच्याजवळ फीलर गेज होता, पण तो हरवला तर अडू नये म्हणून लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा अंदाजही शिकविला. पुढे नागसेनवनातील मोकळ्या रस्त्यावर गिअर शिकलो. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर तो दात खातो. १९९३ साली परवाना हाती आला. त्या संध्याकाळी आबांनी मागचे दार उघडले आणि ते आत बसले. आम्ही क्रांती चौकापर्यंत गाडी नेली आणि परत आणली. आबा बाहेर पाहत होते. उतरताना एवढेच म्हणाले, "मागून रस्ता येगळाच दिसतो, माय."

१९९५ साली आम्ही आपल्या शाळेत रुजू झालो. आई गेल्यावर १९९९ साली आबा गाडी घेऊन आमच्याकडे राहावयास आले आणि ती आमच्या नावावर करून दिली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सात वाजता कडुनिंबाखाली जे चाले, ते तुम्हांला ठाऊक आहे. आबा स्टुलावर बसत. चारपाच मुले बॉनेटमध्ये डोकी खुपसून असत. पुढे मुलीही येऊ लागल्या. "मुलींचे काय काम?" असे कुणी विचारले, तर आबा आमच्याकडे बोट दाखवीत. ग्रीसगन हाती धरण्यासाठी नंबर लागत. पाना चुकीच्या जागी ठेवला की आबा काही बोलत नसत. तो उचलून त्या मुलाच्या खिशात घालीत आणि दिवसभर बाळगावयास लावीत.

खानदेशातून येणारी मुले चाळीसगाव स्टेशनवर उतरत. जूनमध्ये त्यांना आणावयास पद्मिनी कन्नडचा घाट उतरून जाई आणि मुले, वळकट्या, पत्र्याच्या पेट्या भरून पुन्हा चढे. हा चढ तिच्या परीक्षेचा. हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे इंजिन फार तापले तर ते वाकते, गॅस्केट जाते आणि पाणी तेलात उतरते. मग काम हजारोंत जाते. म्हणून काटा वर चढण्याआधीच थांबावयाचे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडावयाचे नाही. उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला, तर त्यावर ओले फडके टाकावयाचे आणि वाट पाहावयाची. या वाट पाहण्याच्या अर्ध्या तासात आबा मुलांना दर वर्षी एकच गोष्ट सांगत, आणि ती खाली दिसणाऱ्या चाळीसगावचीच असे.

१९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळ्याकडील चौकशी आटोपून परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना एक रात्र ठेवून घेतले. स्टेशनवरून वस्तीकडे नेण्यासाठी टांगा हवा होता. पण महाराला बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. लगाम वस्तीतील एकाच्या हाती आले, आणि त्याला ते काम येत नव्हते. नदीवरील फरशीच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचे हाड मोडले; घोडा टांग्यासह खाली गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आम्ही वर्गात तो अस्पृश्यतेच्या धड्यात शिकवीत असू. आबांचा धडा थोडा निराळा होता. ते मुलांना म्हणत, "टांगा भाड्यानं मिळाला रे. हाकायचं कसब कुठून मिळणार? कसब कुणी भाड्यानं देत नाही." मग झाकणावर फडके टाकून हाताने अंदाज घेत आणि म्हणत, "चला, निवली."

आता तो भाग लिहितो, जो आजवर आम्ही कुठे लिहिलेला नाही.

२००४ च्या जुलै महिन्यात एका रात्री सातवीतील एका मुलाला वसतिगृहाच्या पायरीवर साप चावला. तेव्हा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आलेली नव्हती. शाळेची जीप मुंबईला गेली होती. आबा गावी होते. मुलाला मागच्या आसनावर आडवे केले, गृहपालांनी त्याचे डोके मांडीवर घेतले, आणि आम्ही कन्नडच्या दिशेने निघालो. अंतर चौदा किलोमीटर. पाऊस मुसळधार. सहा किलोमीटर झाले असतील, गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. स्टार्टर फिरे, इंजिन पेटेना. बॉनेट उघडले, बॅटरी धरली, वायरी पुसल्या, पॉइंट पाहिले. मागून मुलाचा आवाज येत होता: "बाई, झाली का?" तो रडत नव्हता. आम्ही बरोबर आहोत म्हटल्यावर गाडी होणारच, असा त्याचा विश्वास होता. त्या आवाजाइतके जड आम्हांला आयुष्यात काही वाटलेले नाही. वीस मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला. त्याने कॅन बाजूला सारून मुलाला घेतले. इंजेक्शन वेळेत मिळाले. तो मुलगा आज स्वतः परिचारक आहे आणि हा अंक त्याच्याही हाती पडेल.

दुसऱ्या दिवशी आबा आले. बैलजोडी लावून ओढून आणलेली गाडी शेडमध्ये होती. त्यांनी काही विचारले नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आम्हांला अंधाऱ्या कोपऱ्यात नेले आणि तिच्यावर बॅटरीचा झोत तिरका टाकला. केसासारखा एक तडा दिसला. कोरड्या हवेत त्याने काही बिघडत नाही. ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता त्या तड्यातून बाहेर निघून जाते. तो तडा आबांनी आम्हांला मे महिन्यात दाखविला होता. पावसाळ्यापूर्वी टोपी बदल, असे सांगितले होते. टोपी शंभर रुपयांच्या आतली. आम्ही उत्तरपत्रिका तपासण्याच्या गडबडीत होतो. पुढच्या रविवारी, असे म्हणता म्हणता सात रविवार गेले. दोष गाडीचा नव्हता, पावसाचा नव्हता. आबा म्हणाले, "गाडी तुझ्या नावावर आहे. पण तुझी नाही झाली अजून." तेव्हा आम्हांला चौतीस वर्षे पूर्ण झाली होती, पदरी इतिहासाची पदवी होती, आणि या वाक्याला द्यावयास उत्तर नव्हते.

त्या आठवड्यात आम्ही एक दोनशे पानी वही आणली. दर रविवारी काय पाहिले, काय आढळले, काय बदलले, ते मुलांनी त्यात तारीख घालून लिहावयाचे, आणि खाली आम्ही सही करावयाची. आज अशा सात वह्या झाल्या आहेत. शाळेच्या इतिहासाची साधने शोधणाऱ्याने त्या अवश्य पाहाव्यात. १२ ऑगस्ट २००७: "ब्रेक ऑइल कमी. घातले. मागचे डावे चाक बघावे." त्याच्याच पुढच्या रविवारी दुसऱ्या अक्षरात: "बघितले. वॉशर गेला होता." १६ जानेवारी २०११: "आबा आजारी. गाडी आम्हीच बघितली. आबांनी खिडकीतून आवाज ऐकला आणि बरोबर म्हणाले." त्याच वर्षी आबा गेले. त्यानंतरचा एकही रविवार वहीत कोरा नाही. टाळेबंदीच्या काळात, मुले घरी असताना, ती पाने आम्ही एकट्याने भरली आहेत.

जे मुलांना जमत नसे, ते शहरातील एका जुन्या मिस्त्रींकडे जाई. सारे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी हेड दोनदा उतरविले, सायलेन्सरचे नळकांडे किती वेळा जोडले त्याची गणती नाही. "गाडी बोलती है बेटा, सुनने वाला होना," असे ते म्हणत आणि चहा पाजल्याशिवाय सोडीत नसत. पद्मिनीला वेगळा सांगाडा नाही, पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून तळाचा गंज तिला इंजिनाच्या दुखण्याहून वाईट. मराठवाड्याच्या कोरड्या हवेने तिला तारले. कोकणात ती एवढी जगली नसती. सुटे भाग आम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणीत असू. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी मोडीत निघत, त्यांचे अवयव आमच्या गाडीत येत. अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदविली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. लोकांनी हळहळून छायाचित्रे काढली. आम्ही हळहळलो ते वेगळ्या कारणाने: आता क्लचची प्लेट कुठून आणावयाची? त्यात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. त्या सर्व बदलून घ्याव्या लागल्या.

आणि मग २०२४ साल उजाडले. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांचे ते शुल्क ५,००० झाले होते. वर पर्यावरण कर आणि गाडी तपासणीस उभी करण्याजोगी करण्याचा खर्च. चाचा थकले होते. निवृत्ती चार वर्षांवर आली होती आणि घराचा स्लॅब अर्धवट पडून होता. भाचा म्हणाला, "मावशी, भंगारात दे. किंवा हौशी लोकांना वीक, चांगले पैसे येतात." तो चूक नव्हता. त्यानेच पुण्याचे एक गिऱ्हाईक आणले. तरुण, अदबीचे गृहस्थ. त्यांना नव्या उपाहारगृहात गाडी ठेवावयाची होती. इंजिन काढून, आत टेबल बसवून. दोन लाख रुपये देऊ केले. आमच्या हातून कधीही झालेला नाही असा सौदा होता आणि स्लॅबचे काम त्यात सहज भागले असते. आम्ही रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी त्यांना 'या' म्हणालो.

ते आले, तासभर थांबले. दारे उघडून मिटून पाहिली, परांवरून हात फिरविला, सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली. नववीतील दोन मुली वही घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटले, आता हे विचारतील. आम्हीही वाट पाहत होतो. त्या तासाभरात गाडी सुरू करून दाखवा, असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

आम्ही त्यांना चहा दिला, क्षमा मागितली आणि परत पाठविले. भाचा आठ दिवस बोलला नाही. स्लॅब अजून अर्धाच आहे.

पुढचे तीन महिने मुलांनी आणि आम्ही मिळून ब्रेकचे चारही ड्रम उतरविले, किंगपिनला ग्रीस भरली, दिव्यांच्या वायरी नव्याने ओढल्या. चाचा खुर्चीवर बसून सांगत होते. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी बॉनेट उघडावयास सांगितले, इंजिन सुरू करावयास सांगितले, आणि कान देऊन ऐकले. मग विचारले, "कुठल्या गॅरेजला असते ही?" आम्ही बरोबरच्या दोन मुलींकडे बोट दाखविले. २०२९ पर्यंतची नोंदणी मिळाली.

तोवर आम्ही निवृत्त झालेले असू. म्हणून आम्ही संस्थेच्या कार्यकारिणीस एक पत्र दिले आणि त्यांनी ते मान्य केले आहे. निवृत्तीच्या दिवशी पद्मिनी शाळेच्या नावावर होईल. अटी तीन. ती विकू नये. ती काचेआड ठेवू नये. आणि दर रविवारी तिचे इंजिन सुरू करून वहीत नोंद करावी; ज्या रविवारी नोंद करण्यास कुणी उरणार नाही, त्या रविवारी ती भंगारात द्यावी, आमची तक्रार राहणार नाही. तिसरी अट कठोर वाटेल. परंतु कागदावर नाव चढल्याने वस्तू आपली होत नाही, हे आम्ही भर पावसात एका मुलाच्या आवाजाने शिकलो आहोत. शाळेचेही तेच. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या पत्र्याच्या खोल्या ज्यांनी उभारल्या, त्यांनी त्या आपल्या नावावर करून दिल्या आहेत. बाकीचे आपल्याकडे आहे.

महोत्सवाच्या मेळाव्यास तुम्ही याल तेव्हा सभामंडपात भाषणे असतीलच. ती ऐकावीत. मात्र रविवारी सकाळी सात वाजता ज्यांना जमेल त्यांनी कडुनिंबाखाली यावे. जुने सुती कापड बरोबर आणावे, ते नेहमीच कमी पडते. टॅपेट अलीकडे थोडे वाजत आहेत. कुणाचा कान अजून शाबूत असेल, तर ऐकून सांगावे. आणखी एक. आबांच्या पेटीतला दहाचा पाना गेली काही वर्षे सापडत नाही. आबांनी तो कुणाच्या तरी खिशात घातला असणार आणि संध्याकाळी परत घ्यावयास ते विसरले असणार. ज्याच्याजवळ असेल, त्याने निमूटपणे आणून पेटीत ठेवावा. आम्ही काही विचारणार नाही.